आमच्या वाट्याची दहा टक्के जमीन कुठे गेली?

ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नायगावहून एका शहरातल्या बागेत गेलो होतो. अम्मी, आपा, तिची दोन पोरं आणि मी. डबे उघडायच्या आधीच रखवालदार आला आणि आपाच्या बुरख्याकडे बघत म्हणाला, “इथं नमाज-बिमाज करायची नाही बरं का.” नमाजची वेळही नव्हती. शेजारचं कुटुंब मोबाइलवर गाणी लावून बसलं होतं, त्यांना कोणी काही विचारलं नाही. अम्मी म्हणाली, “जाऊ दे बेटा, सणाचं तोंडाला लागू नको.” अर्ध्या तासात आम्ही उठलो.

एका माणसाचा उद्धटपणा म्हणून मी सोडून दिलं असतं. पण डिसेंबर २०१८ मध्ये नोएडाच्या सेक्टर ५८ मध्ये पोलिसांनी थेट कंपन्यांनाच नोटिसा दिल्या होत्या: तुमचे कर्मचारी बागेत नमाज पढले तर जबाबदार तुम्ही. सार्वजनिक जागेत सामूहिक नमाज व्हावी का, यावर वाद होऊ शकतो. आमच्या डब्यात मात्र फक्त बिर्याणी होती.

तरी दोस्तांनो, माझा खरा राग त्या रखवालदारावर नाही. त्याच्याशी भांडायला आधी बाग तरी पाहिजे! मोहल्ल्यातली पोरं दोन गाड्यांच्या मधल्या जागेत क्रिकेट खेळतात. मे महिन्यात पारा बेचाळिसच्या पुढे जातो, घरावर पत्रे, आणि बाया संध्याकाळी उंबरठ्यावर बसून वारा खातात. केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सांगितली आहे. आमच्या गल्लीत हा आकडा वाचून दाखवला तर लोक हसतील.

हे नशिबानं झालेलं नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. म्हणून रीतसर एन.ए. प्लॉटिंगमध्ये निदान नकाशावर तरी बाग असते. आपल्या लोकांनी मात्र बाँडपेपरवर गुंठा-अर्धा गुंठा घेतला, कारण परवडत तेवढंच होतं आणि दुसरीकडे कोणी प्लॉट दाखवायलाही तयार नव्हतं. गुंठेवारीत विकणाऱ्यानं ती दहा टक्के जागाही विकून टाकली. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं घरं नियमित करता येतात, पण विकली गेलेली बाग परत येत नाही. ती आता वस्तीबाहेर, सरकारी किंवा आरक्षित जमिनीवरच मागावी लागेल.

आणि इथं आपल्याच वडीलधाऱ्यांशी माझं भांडण आहे. कुठं मोकळा तुकडा दिसला की मागणी ठरलेली: शादीखाना. नाहीतर कब्रस्तानची भिंत. कब्रस्तान हवंच, वाद नाही. पण वर्षातून चाळीस दिवस उघडणाऱ्या हॉलसाठी रोज संध्याकाळी लागणारी जागा का द्यायची? पोरांना निदान चौक आणि हॉटेल तरी आहे. दहावीतल्या पोरीनं घराबाहेर कुठं बसायचं, हे एका तरी बैठकीत विचारलं गेलंय का? २०२२ च्या जानेवारीत मुंबईच्या मालवणीत मैदानाच्या नावावरून केवढं रण पेटलं: टिपू सुलतान ठेवायचं की नाही. आपणही त्यात हिरिरीनं उतरलो. नावावर भांडायला आपण दोन दिवसांत जमतो. नकाशा बघायला कोणी जात नाही.

नकाशा बघायची घाई अशासाठी, की नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे बागेसाठी आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाचं पाऊल उचललं नाही, की आरक्षण संपलं. गावात कोणाला पत्ताही लागत नाही. उलट जागा जपली तर कायदा पाठीशी उभा राहतो: बंगळुरूत बागेची जागा खासगी नर्सिंग होमला दिली होती, ती सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये रद्द केली. खटला चालवणारे त्याच भागातले रहिवासी होते.

आणि मागायची ती ‘मुस्लिम बाग’ नाही. सगळ्या गावाची, फाटकावर कपडे न बघणारी, बायांसाठी दिवे आणि संडास असलेली बाग.

माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. मी तीनच गोष्टी विचारल्या आहेत: मंजूर विकास आराखड्याची प्रत, बाग आणि मैदानाच्या आरक्षणांची यादी, आणि प्रत्येक मंजूर ले-आउटमधल्या खुल्या जागेचा आजचा ताबा कोणाकडे आहे. तीस दिवसांची मुदत पुढच्या महिन्यात संपते. नकाशा आला की आपा आणि मी ती प्रत्येक जागा पायी जाऊन बघणार आहोत. अम्मीही येते म्हणाली आहे, ऊन उतरल्यावर.