दौलताबादला जाल तेव्हा

सुट्या लागल्या की परभणीहून सहली निघतात. जिंतूर, मंठा, जालना करीत गाडी छत्रपती संभाजीनगर ओलांडते आणि डोंगरापाशी दौलताबादचा चांदमिनार दिसू लागतो. बहमनी सुलतान अलाउद्दीन याने १४४५ च्या सुमारास तो उभारला. उंची सुमारे दोनशे फूट. मुले माना उंच करून पाहतात, फोटो काढतात.

आमचे पालकांना सांगणे एवढेच की, किल्ल्याच्या दाराशी जरा थांबा आणि मुलांना १९३४ ची सहल सांगा. त्या साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तीसेक सहकाऱ्यांसह नाशिकहून बसने औरंगाबादकडे निघाले आणि वाटेत दौलताबादला थांबले. प्रवासात अंगावर धूळ बसलेली. दाराबाहेरच्या हौदावर त्यांच्यापैकी काहींनी तोंड-पाय धुतले. रमझानचा महिना होता. हौद बाटवला म्हणून आरडाओरड झाली, जमाव जमला, शिवीगाळ झाली. आम्ही मुसलमान झालो तरी पाणी घेऊ देणार नाही काय, असे बाबासाहेबांनी विचारताच समोरचे गप्प झाले. अखेर किल्ला पाहू दिला. पण आत कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा सात वर्षे झाली होती.

बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली. ती ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने १९९० मध्ये पुस्तिकारूपाने निघाली. मिनार कोणी बांधला ते गाइड सांगेल. हौदाची गोष्ट मात्र घरच्यांनीच सांगावी. निघण्यापूर्वी एका मुलाला ती वाचायला द्या आणि गाडीत सर्वांना सांगायला लावा.