पंचनाम्यात न येणारे दिवस

१६ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ मालवण-देवगडचा किनारा घासून उत्तरेकडे गेले. हवामान खात्याचा इशारा आधीच आला होता. इशारा देण्यात यंत्रणा कमी पडली नाही. ती कमी पडली वारा थांबल्यावर. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे मुके झाले, कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. तेही करोनाची दुसरी लाट भरात असताना.

वीज गेली म्हणजे पंखा गेला, एवढेच निरोगी माणसाला कळते. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावलेल्या रुग्णाचा श्वासच त्या तारेवर टांगलेला असतो. पंप बंद म्हणजे नळ बंद, पाठोपाठ जुलाब. आरोग्य केंद्रातला लशींचा खास फ्रीज साधारण दिवसभर थंडी धरतो. पुढे जनरेटर हवा, जनरेटरला डिझेल हवे आणि डिझेल येण्यासाठी रस्त्यावर आडवे पडलेले झाड कोणीतरी कापायला हवे. झाड एका खात्याचे, तार दुसऱ्याचे, रुग्ण तिसऱ्याचा.

हे दुखणे वरून खाली आलेले आहे. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने देशपातळीवर पंतप्रधानांच्या आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण ठेवले. जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यालाही त्यात जागा दिली. कागद चांगला आहे. पण आपत्ती येण्याआधी खर्च करायचा राष्ट्रीय सौम्यीकरण निधी याच कायद्यात लिहिलेला असूनही स्थापन झाला फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे तौक्तेच्या जेमतेम तीन महिने आधी. तोवर पंधरा वर्षे पैशाची वाट मुख्यतः पंचनाम्यातूनच जात होती.

आणि पंचनामा मोजतो काय? उडालेले नळे, मोडलेले माड, कोसळलेली हापूसची कलमे, फुटलेल्या होड्या. ते मोजलेच पाहिजे. पण इन्सुलिन खराब झाल्याने आठवड्याने साखर चढलेला, डायलिसिसची पाळी चुकलेला रुग्ण त्या कागदात सापडत नाही. तलाठ्याचा दोष नाही. जेवढे रकाने छापलेले, तेवढेच तो भरणार.

जे मोजले जात नाही त्याची तयारीही होत नाही. २०१७ मध्ये मारिया वादळानंतर अमेरिकेच्या ताब्यातील प्वेर्तो रिको बेटावर सरकारने ६४ मृत्यू सांगितले. पुढच्या वर्षी, नंतरच्या महिन्यांत नेहमीपेक्षा किती जास्त माणसे दगावली याचा हिशेब विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडला, तेव्हा आकडा २,९७५ निघाला. तिथेही वीज महिनोन्‌महिने गेली होती.

गावात डायलिसिसवर कोण, ऑक्सिजनवर कोण, इन्सुलिन कोण घेते आणि या महिन्यात बाळंत कोण होणार, हे आशाताईंना तोंडपाठ असते. ही यादी मे महिन्याच्या सुरुवातीला तहसील कार्यालयात आणि वीज कंपनीच्या शाखेत पोहोचली, तर आधी कोणती वाहिनी जोडायची आणि भरलेला सिलिंडर कोणत्या वाडीत आधीच नेऊन ठेवायचा, हे वादळापूर्वी ठरवता येईल. त्याला नवे प्राधिकरण लागत नाही.

तोवर घरच्यांनी एवढे करावे: फ्रीज बंद पडला तर इन्सुलिनची कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, पाण्याने ओल्या केलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवावी. मडके ओले ठेवत राहावे. कुपी बर्फावर थेट ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही.