गवंडी संपला नाही, गाव सोडून गेला



‘सीमाभागात कुशल गवंडी उरला नाही, आता यंत्रेच आणावीत’ हे मागील अंकातील पत्रलेखकांचे मत मला मान्य नाही. पुणे-हैदराबादच्या साइटवर चौकशी करा, औराद, भालकी, आळंदची माणसे भेटतात.

यंत्रांना माझा विरोध नाही. ॲल्युमिनियमचे शटरिंग, तयार काँक्रीट इथेही येणारच. पण नकाशा वाचणारा, लेव्हल लावणारा माणूस तिथेही लागतो. आणि बिदरच्या किल्ल्याचा जांभा, १४७२चा महमूद गवान मदरसा, नौबादचे करेझ (जमिनीखालचे जुने कालवे) यांना कोणते यंत्र हात लावणार? चुन्याचे काम जाणणारे हात आज घडवले नाहीत, तर डागडुजी सिमेंटने होईल. सिमेंट जुन्या भिंतीत ओल कोंडून ठेवते आणि दगड आतून झिजतो. वाडी-सेडमला सिमेंट होते, शहाबादची फरशी देशभर जाते. चुनखडक आपल्या पायाखाली आहे, मग चुन्याचे प्रशिक्षण केंद्र इथे का नको?

खरी अडचण वेगळीच आहे. १९९६च्या कायद्याने बांधकामखर्चावर कामगारांसाठी उपकर आला, तो १ टक्का घेतला जातो. पण तो जिथे जमा होतो ती कामगार कल्याण मंडळे राज्यवार. पुण्यात राबणाऱ्या औरादच्या मजुराच्या कामावरचा उपकर महाराष्ट्राच्या मंडळात, त्याची लेकरे कर्नाटकातल्या शाळेत!

पत्रलेखकांनी यासाठी लेखणी झिजवावी. दोन्ही राज्यांच्या मंडळांनी एकमेकांकडची मजुरांची नोंदणी मानावी. जुन्या मिस्त्रींच्या कौशल्याची परीक्षा कामावरच, मराठी, कन्नड किंवा लमाणीत, तोंडी घ्यावी.

– एक वाचक, भालकी (जि. बिदर)