परसदार : पाणी न मागणारी फुलझाडे

कोकणात पावसाला तोटा नाही, हे आपण शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकापासून वाचत आलो आहोत. पुण्याला वर्षाकाठी सत्तर-बहात्तर सेंटिमीटर पावसावर समाधान मानावे लागते, तर रत्नागिरीला तीनशे सेंटिमीटरांच्या वर पडतो. पण हा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. जांभा दगड सच्छिद्र. वरचे पाणी तो धरून ठेवीत नाही. ते सड्यांतून झिरपते, वहाळांतून धावते आणि समुद्राला जाऊन मिळते. म्हणून ज्या गावात आषाढात अंगणातून पाण्याचे लोट वाहतात, त्याच गावात वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागतो, आणि उंचावरच्या कित्येक वाड्यांना आजही टँकरची वाट पाहावी लागते.

हे पुराण दिवाळीच्या तोंडावर लावण्याचे कारण असे, की आपल्याकडे बागेची हौस नेमकी याच दिवसांत उफाळून येते. पाऊस सरलेला असतो, जमीन ओली असते, अंगण नुकतेच सारवलेले असते, आणि रोपवाटिकेत मांडलेले प्रत्येक रोप हिरवेगार, टवटवीत दिसते. चार गुलाब, दोन क्रोटन, एखादी विलायती वेल आपण हौसेने घरी आणतो. पुढे होळी होते, विहिरीचा दोर दोन हात लांब करावा लागतो आणि बागेला पाणी घालणे हा घरात वादाचा विषय होऊन बसतो. तो वाद बहुधा त्या घरातल्या बाईच्या वाट्याला येतो, कारण कळशी तिच्याच कमरेवर असते. तेव्हा या स्तंभातून सांगायचे ते एकच : कोकणात झाड निवडताना आषाढ पाहू नका, वैशाख पाहा.

आता काही हौशी वाचक म्हणतील, की परदेशांत तर पाण्यावाचून तगणारी आणि खुडल्यावरही वर्षभर न कोमेजणारी फुले असतात, तीच का लावू नयेत? अशी फुले आहेत खरी. ऑस्ट्रेलियातले आणि दक्षिण आफ्रिकेतले हे शेवंतीच्या कुळातले फूल आपल्याकडे 'कागदी फूल' म्हणून ओळखले जाते. त्याच्या ज्या पाकळ्या आपण समजतो, त्या पाकळ्या नव्हेतच. मधल्या खऱ्या फुलांच्या गुच्छाभोवती कोरड्या, चकचकीत, रंगीत पत्रांची ती झालर असते. तिच्यात मुळातच ओलावा नसतो, मग ती कोमेजणार कशाने? हवा दमट झाली की ही पत्रे मिटतात आणि ऊन पडले की पुन्हा उघडतात.

परंतु पाण्याचा दुष्काळ सोसणे निराळे आणि रत्नागिरीचा पाऊस सोसणे निराळे. या जातींना उन्हाचे भय नाही, पण मुळाशी सतत पाणी राहिले की त्या कुजतात. त्यातली झुडपासारखी वाढणारी, वर्षानुवर्षे टिकणारी जात कोकणात एक मृगनक्षत्र पार पाडील, अशी आशा धरू नये. हे फूल लावायचेच असेल तर हिवाळी पाहुणा म्हणून लावावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कुंडीत बी पेरावे, वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. रोपे चार-सहा पानांची झाली की भरपूर उन्हात वीतभर अंतराने हलवावीत. साधारण तीन महिन्यांत फुले येतात. मधला पिवळा गाभा दिसण्याच्या आधी, अर्धवट उमललेले फूल देठासकट कापावे आणि जुडी बांधून सावलीत उलटी टांगून ठेवावी. पंधरा दिवसांत ती वाळतात आणि पुढे फुलदाणीत पाण्यावाचून कित्येक महिने राहतात. ही हौस स्वस्त आहे. पण तिच्याने कुंपण होत नाही आणि वेणीही होत नाही.

त्यासाठी आपल्याच मातीतल्या दोन बहिणी आहेत : कोरांटी आणि अबोली. दोघी एकाच कुळातल्या, म्हणजे अडुळशाच्या कुळातल्या. थोरली काटेरी स्वभावाची आणि काटक, धाकटी नाजूक पण चिवट.

प्रथम थोरलीचे पाहू. कोरांटीला जुन्या वाङ्मयात मोठा मान होता. अमरकोशात तिची नावे रंगावरून वेगवेगळी दिली आहेत : तांबडी तो कुरबक, पिवळी तो कुरंटक, निळी तो बाण. आपला 'कोरांटी' हा शब्द त्या कुरंटकाचाच वंशज. १७५३ साली लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने तिला जे शास्त्रीय नाव दिले, ते 'बार्लेरिया प्रायोनायटिस'. त्यातला पहिला शब्द बारेलिए नावाच्या एका फ्रेंच धर्मोपदेशकाच्या स्मरणार्थ आहे. सतराव्या शतकातले हे गृहस्थ वनस्पतींचे अभ्यासक होते. दातांसाठी वापरतात म्हणून 'वज्रदंती' हे तिचे आणखी एक नाव.

पिवळी कोरांटी कंबरेएवढी किंवा थोडी अधिक वाढते. पानांच्या बगलेत सुयांसारखे काटे असतात, त्यामुळे गुरे तिच्या वाटेला जात नाहीत. पावसाळा सरला की ती फुलू लागते आणि थंडी संपेपर्यंत फुलत राहते. म्हणजे दिवाळीतल्या पूजेला घरची फुले, आणि त्याच झाडाचे कुंपण. काटे नको असतील तर पांढरी, जांभळी किंवा पट्ट्यापट्ट्यांची कोरांटी लावावी. तिला पिवळीसारखे बोचरे काटे नसतात.

लावणीची खरी वेळ आषाढ. वीतभर लांबीच्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तीन-चार पेरांच्या फांद्या घ्याव्यात आणि दोन पेरे मातीत जातील अशा दीड-दोन फुटांवर खोचाव्यात. खाली कातळ असेल तर पहारीने निदान फूटभर खोल चर फोडून घ्यावा. त्यात माती, कुजलेला पातेरा आणि जुने शेणखत भरावे. चराला एका बाजूने उतार ठेवण्यास विसरू नये. कोरांटी उन्हाने मरत नाही, पण साचलेल्या पाण्याने मरते.

पहिल्या वर्षी मात्र तिला माया लावावी लागते. दिवाळीपासून मृगापर्यंत आठवड्यातून एकदा, पण पोटभर पाणी द्यावे. रोज तांब्याभर शिंपडण्याची सवय आपल्याकडे फार आहे, आणि तीच झाडाला बाधते. वरवर ओल मिळाली की मुळे वरच राहतात आणि एक दिवस पाणी चुकले की झाड माना टाकते. आठवड्याने एकदा भरपूर दिले की पाणी खोल जाते आणि त्याच्या मागोमाग मुळे खोल जातात. दुसऱ्या उन्हाळ्यात तिला तुमची फारशी गरज उरत नाही. फाल्गुनात फुले संपली की तिसरा हिस्सा छाटून टाकावा. पाने कमी, तर पाण्याचा खर्चही कमी. बुंध्याशी पातेऱ्याचा चार बोटे थर द्यावा, त्यावर नारळाची सोडणे पालथी मांडावीत. माती तापत नाही आणि ओल टिकते.

माझ्या माहितीतल्या एका घरी गेल्या उन्हाळ्यात मुंबईहून भाची आली होती. संध्याकाळी परसात हिंडताना तिने कोरांटीचे कुंपण पाहिले आणि म्हणाली, "आत्या, याला तू पाणी घालताना दिसली नाहीस. सुकेल ना गं!"

आत्या म्हणाल्या, "अगो, तिला पाणी पहिल्या वर्षी घातलं. आता ती तिचं तिचं बघते. सासरी रुळलेली मुलगी आहे ती!"

आत्याबाईंच्या या उत्तरात बागकामाचे अर्धे शास्त्र आले.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. कोरांटीची बोंडे पिकली की तडकतात आणि बी दूर उडते. नको तेथे रोपे उगवू द्यायची नसतील तर बोंडे वेळीच खुडावीत. हीच आपली पिवळी कोरांटी शोभेचे झाड म्हणून ऑस्ट्रेलियात गेली आणि तिथल्या उत्तर भागात इतकी माजली, की तिला उपद्रवी तण म्हणून जाहीर करावे लागले. त्यांचे कागदी फूल आपण कुंडीत जपतो आणि आपली कोरांटी ते उपटून टाकतात! झाडाचे गुण झाडात असतात, तसे ते जागेतही असतात.

आता धाकटी. अबोली मूळची दक्षिण भारत आणि श्रीलंका इकडची. वास नाही, म्हणून तिला कुणी कमी लेखू नये. खुडल्यावर दोन-तीन दिवस टवटवीत राहणारे फूल जाईजुईत कुठे मिळते? सकाळी माळलेला अबोलीचा वळेसर रात्रीच्या कार्याला तसाच चालतो.

कोरांटीइतकी ती काटक नाही, हे आधीच सांगतो. वैशाखात तिला पाणी लागते, पण थोडे. तिला दुपारची सावली द्यावी. नारळीच्या खाली, घराच्या पूर्वेकडच्या भिंतीशी, तुळशीजवळ अशी जागा उत्तम. रत्नागिरीची तांबडी माती किंचित आंबट असते आणि अबोलीला तीच मानवते. खारवट किंवा चुनखडीच्या जमिनीत तिची पाने पिवळी पडतात. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. पूर्वी मोरीचे पाणी सरसकट फुलझाडांना सोडीत, पण आज त्या पाण्यात कपड्यांची पावडर आणि सोडा असतो. तो अबोलीला सोसत नाही. तांदूळ, डाळी, भाजी धुतलेले पाणी वेगळ्या बादलीत साठवावे आणि ते अबोलीला घालावे. साबणाचे पाणी केळीकडे जाऊ द्यावे. चार माणसांच्या घरात धुण्या-विसळण्याचे रोज बादलीभर पाणी सहज निघते. चार-पाच अबोलींचा उन्हाळा तेवढ्यावर निभावतो, विहिरीला हात लावावा लागत नाही.

अबोलीचा तुरा खालून वर फुलत जातो. फुले संपलेला तुरा लगेच खुडला, तर झाडाची शक्ती बी धरण्यात न जाता नव्या तुऱ्यात जाते. पाऊस लागण्यापूर्वी झाड अर्धे छाटावे, छाटलेल्या फांद्यांची रोपे करावीत. 'दिल्ली' या नावाने मिळणारी गर्द भगवी जात बी धरीतच नाही. ती फांद्यांवरूनच वाढवावी लागते. झाड तीनएक वर्षांनी उताराला लागते, म्हणून दरवर्षी दोन-चार नवी रोपे तयार ठेवावीत. माती ओली असूनही एखादे झाड एकाएकी माना टाकू लागले, तर त्याला आणखी पाणी घालू नये. तो मुळांचा रोग. झाड उपटून जाळावे आणि त्या जागी वर्षभर अबोली न लावता झेंडू लावावा. झेंडूच्या मुळांनी मातीतले सूत्रकृमी कमी होतात.

मुलांसाठी एक गंमत. अबोलीचे पिकून वाळलेले बोंड पाण्याच्या थेंबाने भिजले की 'टक्' करून फुटते आणि आतल्या चार बिया उडतात. इंग्रजीत हिला यावरूनच फटाक्याचे फूल म्हणतात. पहिल्या पावसातच बी जमिनीवर पडावे, अशी निसर्गाने केलेली ही योजना. घरच्या मुलांच्या हातात चार वाळली बोंडे आणि पाण्याची वाटी द्या. धूर नाही, भाजण्याची भीती नाही, पैसाही नाही. बोलत नाही ती अबोली, पण बार मात्र उडवते!

मुंबई-पुण्याच्या वाचकांनी हिरमुसू नये. या दोघी दहा-बारा इंची कुंडीत सुखाने राहतात. कुंडीला तळाशी भोक हवे. दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेले खत, एक भाग जाडी वाळू. कोरांटीला गॅलरीतली उन्हाची बाजू, अबोलीला सकाळचे ऊन. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवावी. उन्हाळ्यात सुटीला गावी जायचे झाल्यास कुंड्या एकत्र, सावलीत मांडाव्यात, वर पातेऱ्याचा थर द्यावा आणि निघताना पोटभर पाणी द्यावे. कोरांटी आठवडाभर दम धरील. अबोलीसाठी मात्र शेजारच्या काकूंना सांगून जावे.

या महिन्यात करायचे ते इतकेच. कागदी फुलाचे बी आताच पेरावे. असलेल्या कोरांटी-अबोलीच्या बुंध्याशी, जमिनीतली ओल उडण्यापूर्वी, पातेरा घालून घ्यावा. मोरीपाशी दोन बादल्या ठेवाव्यात, एक साबणाची आणि एक बिनसाबणाची. कोणती कशासाठी हे घरातल्या सगळ्यांना, विशेषतः पुरुषमंडळींना, दोनदा समजावून सांगावे. नव्या कोरांटीसाठी चर आताच खणून पातेऱ्याने भरून ठेवावा, म्हणजे आषाढापर्यंत खत आयते तयार होईल. आणि रोपवाटिकेत एखादे देखणे रोप मनात भरलेच, तर ते विकणाऱ्याला एवढे अवश्य विचारावे, "वैशाखात याला पाणी किती लागेल?" त्याचे उत्तर ऐकून मगच पिशवी पुढे करावी.