जागा कोणाची?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणतात. माझ्या शहाणपणाबद्दल माझ्या विद्यार्थ्यांना मुळातच शंका असल्यामुळे, “तारखेला माझ्याबरोबर येतोस का रे?” असे आत्याने विचारले तेव्हा मी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. आत्याचे माहेर जुन्नरचे, सासर दुसऱ्या जिल्ह्यात. तिकडच्या जमिनीच्या वाटपाचा दावा तिकडच्याच तालुक्याच्या कोर्टात चालू आहे. त्या गावाचे नाव मी सांगत नाही. वाचकांपैकी ज्यांनी कधी कोर्टाची पायरी चढली असेल, त्यांना ते आपल्याच तालुक्याचे वाटेल.

साडेदहाला आम्ही हजर झालो. पुकारा केव्हा होईल हे कोणालाच ठाऊक नव्हते. व्हरांड्यातली बाके फायलींनी अडवली होती. म्हणून आवारातल्या कडुलिंबाखाली सारे पक्षकार बसले होते. वादी आणि प्रतिवादी एकाच सावलीत. उन्ह चढले, तशी मी पाण्याची बाटली पुढे केली. आत्याने ती परत माझ्या हातात दिली.

“उपास आहे का आज?” मी विचारले.

“उपास कसला! इथं बायकांना जायला जागा नाही. सकाळपासून घोटभर घेतलं नाही मी. तारखेच्या दिवशी घेतच नाही.”

आत्याचे वय एकाहत्तर. ही तिची अकरावी तारीख. म्हणजे अशा अकरा एकादश्या झाल्या!

मी तडक शिपायाकडे गेलो. तो मोठा सज्जन गृहस्थ होता. म्हणाला, “साहेब, ते आमच्याकडं नाही. इमारत बांधकाम खात्याची.” आत कारकुनाकडे गेलो. ते म्हणाले, “आम्ही पत्रं पाठवली आहेत.” कोणाला, असे विचारताच त्यांनी बोट छताकडे दाखवले. छताच्या वर जिल्हा न्यायालय, त्याच्या वर उच्च न्यायालय, बाजूला सार्वजनिक बांधकाम खाते आणि सगळ्यांच्या वर मंत्रालय, असा त्या बोटाचा अर्थ मला पुढे वकीलसाहेबांनी उलगडून सांगितला. आत बसणारे न्यायाधीश उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली, बाहेरच्या भिंती राज्य सरकारच्या आणि गळक्या कौलाची दुरुस्ती बांधकाम खात्याची. घरमालक एक, भाडेकरू दुसरा आणि गवंडी तिसरा असला, की न्हाणीघराचे जे होते तेच इथे झालेले होते.

मला वाटले, हे सारे दिल्लीकडेच का देऊ नये? एक मालक, एक पैसा, एक जबाबदारी. आणि गंमत अशी, की हा विचार माझ्याआधी फार मोठ्या माणसाने केला होता. २३ ऑक्टोबर २०२१ रोजी, तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. त्या वेळी सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी देशातल्या कोर्टांचे आकडेच मांडले. न्यायाधीशांच्या मंजूर जागा २४,२८०, पण कोर्टाची दालने २०,१४३. शेकडा २६ कोर्ट-संकुलांत स्त्रियांसाठी वेगळे स्वच्छतागृह नाही. आत्या शंभरांतल्या त्या सव्वीसांत होती! इमारती बांधण्याचा आणि राखण्याचा कारभार एका राष्ट्रीय प्राधिकरणाकडे द्यावा, असे रमणांचे म्हणणे होते. हे अगदीच नवे नव्हते. खालच्या कोर्टांची व्यवस्था पूर्वी राज्यांच्या यादीत होती; १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ती समवर्ती यादीत गेली. कोर्टांच्या इमारतींसाठी १९९३-९४ पासून केंद्र पैशाचा वाटाही उचलू लागले. पण एप्रिल २०२२ मध्ये दिल्लीत मुख्यमंत्री आणि मुख्य न्यायमूर्ती एकत्र बसले, तेव्हा राज्यांना राष्ट्रीय प्राधिकरण रुचले नाही. बोलणे राज्यापुरत्या मंडळांवर येऊन थांबले.

राज्ये हट्टी, असे मी त्या वेळी मनात म्हटले. पुढे इंग्लंडची हकीकत वाचनात आली आणि मी जरा गप्प झालो. तिथली मॅजिस्ट्रेटची छोटी कोर्टे पिढ्यान्‌पिढ्या त्या त्या गावाच्या आणि परगण्याच्या आधाराने चालत. २००३ च्या कायद्याने त्यांचा कारभार सरकारकडे गेला, इमारती लॉर्ड चॅन्सेलरच्या हाती देण्याची तजवीज झाली आणि १ एप्रिल २००५ पासून साऱ्या कोर्टांचे एकच खाते झाले. व्यवस्था चोख झाली. पण चोख व्यवस्थेला हिशेब फार चांगला येतो. २०१० साली अशी ३२३ कोर्टे होती. पुढच्या दहा वर्षांत त्यांतली निम्म्याच्या आसपास बंद झाली. लंडनचे नामांकित बो स्ट्रीट कोर्ट तर त्याआधीच, २००६ साली बंद झाले होते. २०२१ साली तिथे हॉटेल सुरू झाले. तिथे आता स्वच्छतागृहाची ददात नसावी!

हा हिशेब आमच्या भागाला लावून पाहा. आंबेगाव तालुक्याचे कोर्ट घोडेगावला. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. घाटमाथ्यावरच्या आहुप्याचा माणूस कोर्टात यायचा, म्हणजे धरणाच्या कडेकडेने एसटीने येणार आणि शेवटच्या गाडीने परत जाणार. जुन्नरला वेगळे कोर्ट आहे, आणि तिथून पुणे सुमारे ९० किलोमीटर. दूर दिल्लीत बसून कोणी मोजले, की या दोन कोर्टांत मिळून खटले किती आणि खर्च किती, तर ती एक करावीत, असे त्याच्या पेन्सिलीला सहज सुचेल. त्याचे चुकणारही नाही. फक्त आहुप्याच्या माणसाची शेवटची एसटी चुकेल. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यानंतर १८७९ मध्ये पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी खास कायदा झाला. लहान दाव्यांसाठी गावमुन्सफ आणि तडजोडीसाठी लवाद नेमण्याची सोय त्यात होती, आणि त्याच्या अंमलासाठी न्यायमूर्ती रानडे गावोगाव हिंडले. न्याय माणसाजवळ गेला पाहिजे, हे या जिल्ह्याने तेव्हाच दंगलीची किंमत देऊन शिकून घेतले आहे.

मग मालकी कोणाची असावी? राज्याकडे असून आत्या तहानलेली, दिल्लीकडे गेली तर आहुप्याचा माणूस दुरावण्याची धास्ती! या कोड्याचे उत्तर मला कायद्याच्या पुस्तकात मिळाले नाही. जुन्नरच्या डोंगरात मिळाले. तिथल्या लेण्यांत सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचे दानलेख आहेत. त्यांतला एक अडुथुम नावाच्या शक उपासकाचा. त्याने शेतजमीन दान दिली. वडालिकेतली वीस निवर्तने करंजाची झाडे लावण्यासाठी, कटपुतकातली नऊ निवर्तने वडाच्या झाडांसाठी. आणि ती ठेव सोपवली कोणाकडे? कोणाचिक नावाच्या श्रेणीकडे, म्हणजे एका व्यवसायसंघाकडे. दान कोणाचे, उत्पन्न कुठून आणि ते कशावर खर्चायचे, सारे दोन-तीन ओळींत. मालक कोण, यापेक्षा निगा कोणी आणि कशातून राखायची, हे त्याला महत्त्वाचे वाटले. परका म्हणावा असा हा माणूस, पण सावलीत बसणाऱ्याची आठवण ठेवूनच त्याने दान लिहिले.

आमच्या कोर्टांच्या कागदांत नेमकी हीच ओळ गळते. १५ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात ती पुन्हा लिहिली आहे. प्रत्येक कोर्टाच्या आवारात स्त्रिया, पुरुष, अपंग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी स्वच्छतागृहे हवीत. ती बांधण्याबरोबर स्वच्छ राखण्यासाठीही राज्यांनी पैसा द्यावा. देखरेखीला प्रत्येक उच्च न्यायालयात समिती असावी. इमारत कोणाच्याही नावावर राहो, मला या तीन वाक्यांशी कर्तव्य आहे. आणखी एक चौथे वाक्य मी जोडीन: झाडू कोणाच्या हाती, त्याचे नाव दारावर लिहावे.

भाऊबीजेला आत्या जुन्नरला आली, तेव्हा मी तिला अडुथुमाची गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली. मग सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला. तोही ऐकून घेतला. करंजीचा तुकडा मोडता मोडता तिने एवढेच विचारले, “म्हणजे पुढल्या तारखेला पाणी पिऊ का?”

मी मराठीचा प्राध्यापक. शब्दांवर माझे पोट आहे. पण या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्याचा धीर मला झाला नाही. मी म्हटले, “आत्या, आधी मी एकदा जाऊन बघून येतो.”