जिवंत खाद्याची सवय सोडवा, मगच मासा विका

शेतीस पूरक असा जोडधंदा निवडताना आपला शेतकरी प्रथम गाय, शेळी किंवा कोंबडी यांचा विचार करतो. शोभिवंत माशांचा विचार त्याच्या मनात सहसा येत नाही. परंतु नागपूर शहराच्या दक्षिणेस मिहान प्रकल्प उभा राहिल्यापासून शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव या भागाचे रूप पालटले आहे. पुष्कळांची शेती प्रकल्पात गेली. ज्यांच्याजवळ थोडी जागा आणि विहिरीचे पाणी उरले, त्यांच्यातील काही तरुण सिमेंटच्या टाक्यांत रंगीत मासे वाढविण्याविषयी चौकशी करतात. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही या धंद्यास स्थान मिळाले आहे. हा उत्साह स्वागतार्ह होय.

तथापि या तरुणांचा ओढा ऑस्कर, आरोवाना यांसारख्या मोठ्या, मांसाहारी आणि चढ्या किमतीच्या माशांकडे अधिक असतो. या माशांना जिवंत मासोळ्या घालाव्या लागतात, हा समज गिऱ्हाइकांत आणि विक्रेत्यांत इतका रुजला आहे की, त्याविषयी कोणी शंकाही घेत नाही. माझे स्पष्ट मत असे की, हा समज धंद्यास मारक आहे. जो मासा दाणेदार खाद्य खात नाही, तो विक्रीस तयार झालेलाच नाही, असे उत्पादकाने समजावे.

जिवंत खाद्यापासून होणारी हानी

नाल्यातून अथवा तळ्यातून धरून आणलेली मासोळी एकटी येत नाही. तिच्या अंगावर माशांच्या उवा, नांगरकृमी किंवा पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे जंतू असू शकतात. एका ओंजळभर मासोळ्यांमुळे वर्षभर जोपासलेली टाकी आठ-पंधरा दिवसांत रिकामी होऊ शकते. गटारातील ट्युबिफेक्स अळ्यांसंबंधीही हेच म्हणावे लागेल.

दुसरी हानी पोषणाची. गोल्डफिश आणि कार्प कुळातील अनेक माशांच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारा एक पदार्थ असतो. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात कातड्यासाठी पाळलेल्या कोल्ह्यांना कच्चे कार्प मासे चारण्यात आले. त्या कोल्ह्यांना लुळेपणाचा विकार जडला. शोधाअंती त्याचे मूळ याच पदार्थात सापडले. शिजविल्याने तो नष्ट होतो, गोठविल्याने होत नाही. कोल्ह्यास जे बाधले, ते केवळ गोल्डफिशवर पोसलेल्या माशासही बाधते.

तिसरी हानी गावाची आहे. माशांसाठी डासांच्या अळ्या मिळाव्यात म्हणून अंगणात पिंपे भरून ठेवणारे हौशी लोक आढळतात. पूर्व विदर्भ हा हत्तीरोगाचा जुना प्रदेश आहे आणि पावसाळ्यात नागपुरात डेंग्यूचा उपद्रव होतो. अशा ठिकाणी घरोघर डासांची पैदास करणे सर्वथा अनुचित होय. अळ्या खाऊन टाकाव्यात म्हणून आरोग्य खाते ज्या पाण्यात गप्पी मासे सोडते, तेथूनच ते धरून ऑस्करपुढे टाकणे हेही तितकेच निषिद्ध मानावे.

“निसर्गतः तो शिकारीच आहे”

या मतावर नेहमी एक आक्षेप येतो. जो प्राणी मुळात शिकारी, त्यास दाणे चारणे निसर्गाविरुद्ध नाही काय? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. शिकारी माशास भक्ष्याची ओळख पटते ती मुख्यतः हालचाल, वास आणि आकार यांवरून. या तीन खुणा जुळल्या की तो तोंड उघडतो. पोटात गेल्यावर त्याला हवी असतात प्रथिने, स्निग्ध पदार्थ, क्षार आणि जीवनसत्त्वे. ती जिवंत मासोळीतूनच यावीत, असा त्याच्या पचनसंस्थेचा आग्रह नसतो.

याचा पुरावा आपल्या ओळखीच्या मरळ माशात आहे. मरळ हा पक्का शिकारी. शेजारच्या तेलंगणाने त्यास राज्यमाशाचा मान दिला आहे आणि विदर्भाच्या बाजारात तो जिवंत विकला जातो. त्याची पिल्ले आरंभी पाण्यातील सूक्ष्म जीव खातात. पुढे त्यांना क्रमाक्रमाने ओला लगदा, चुरा आणि अखेर दाणे यांवर आणता येते. ही पायरी साधली नाही, तर मोठी पिल्ले लहानांस गिळू लागतात. जे मरळीस साधते, ते ऑस्करला का साधू नये?

सवय सोडविण्याची रीत

शक्यतो दोन-तीन इंच लांबीचे लहान मासे घ्यावेत, कारण त्यांची सवय लवकर बदलते. नव्या टाकीत त्यांना आठवडाभर स्थिरावू द्यावे. खाद्याची वेळ आणि जागा रोज एकच ठेवावी.

त्यानंतर धष्टपुष्ट माशास दोन-तीन दिवस उपाशी ठेवावे. अगदी लहान पिल्लास एका दिवसापेक्षा अधिक उपास घडवू नये. उपासानंतर ताज्या कोळंबीचा अथवा माशाचा तुकडा लांब चिमट्यात धरून पाण्यात हलवावा किंवा पंपाच्या प्रवाहात सोडावा. मेलेला तुकडा हलू लागला की मासा त्यावर झेप घेतो. येथे अर्धे काम झाले.

आठवड्याने तुकड्याच्या पोटात एक-दोन दाणे दडवावेत. पुढे कोळंबीच्या रसात भिजविलेले दाणे आणि मांसाचे तुकडे मिसळून द्यावेत, आणि दर आठवड्यास दाण्यांचे प्रमाण वाढवीत न्यावे. तीन ते सहा आठवड्यांत बहुतेक मासे वळणावर येतात. दाणे खाण्यास शिकलेला एखादा जोडीदार टाकीत असल्यास हे काम सुलभ होते. चढाओढ ही उत्तम शिक्षिका आहे. दाण्यांत प्रथिनांचे प्रमाण शेकडा ४० ते ४५ असावे. पाव घटकेत न खाल्लेले अन्न काढून टाकावे, नाहीतर ते कुजून पाण्यात अमोनिया वाढतो. दाणे बंद डब्यात, कोरड्या जागी ठेवावेत; पावसाळ्यात बुरशी धरलेले दाणे फेकून द्यावेत.

ऋतूचेही भान ठेवावे. नागपूरच्या थंडीत पाणी गार पडले की या उष्ण प्रदेशांतील माशांची भूक मंदावते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. म्हणून पाणी २६ ते २८ अंश राखता येईल अशाच दिवसांत हा प्रयोग करावा.

हट्टालाही मर्यादा असावी. माशाचे पोट खपाटीस गेले आणि धडाच्या मानाने डोके मोठे दिसू लागले, तर प्रयोग थांबवून त्यास मेलेल्या कोळंबीवर सावरावे. काही जातींचे मासे जन्मभर हलते भक्ष्यच मागतात. अशा जाती नवख्या उत्पादकाने ठेवू नयेत, हेच बरे. पिल्लांच्या पहिल्या दिवसांत स्वच्छ जागी उबविलेला आर्टेमिया देण्यास मात्र कोणतीही हरकत नाही.

तलावांचे हित

हा प्रश्न काचेच्या पेटीपुरता नाही. जिवंत मासोळ्यांवर वाढलेला फूटभर लांबीचा मासा गिऱ्हाइकास लवकरच डोईजड होतो. मग एखाद्या संध्याकाळी तो फुटाळा अथवा अंबाझरीच्या पाण्यात सोडला जाण्याचा धोका असतो. २०२३ साली भोपाळच्या मोठ्या तलावात अमेरिकेतील अॅलिगेटर गार हा हिंस्र मासा सापडला. उजनी जलाशयात परदेशी सकरमाशाने मच्छीमारांच्या जाळ्यांची दुर्दशा केली. आफ्रिकन मागूर माशाच्या पैदाशीस केंद्र सरकारने १९९७ सालीच मनाई केली, तरीही तो निपटून काढणे जड गेले. भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूरच्या मालगुजारी तलावांवर ढिवर व भोई बांधवांचे पोट आहे. शहरातील हौसेची किंमत त्यांनी का मोजावी?

म्हणून मिहान परिसरातील होतकरू उत्पादकांस माझी सूचना आहे की, मासा विकण्यापूर्वी तो गिऱ्हाइकासमोर दाणे खाऊन दाखवील, अशी आपल्या टाकीची ख्याती करावी. तेलंखेडी येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालय जवळच आहे. तेथील तज्ज्ञांचा सल्ला जरूर घ्यावा. वळण लावलेला बैल बाजारात अधिक दाम आणतो, हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. माशासही तेच लागू आहे.