"गरिबी होती पण सुख होतं" हे आता बास करा

मंडळी, स्पष्ट लिहितोय, राग आला तर येऊ दे.

साठी ओलांडलेली चार माणसं जमली की एक वाक्य येतंच. "त्या काळी गरिबी होती, पण माणसं सुखी होती." मी निपाणीचा, तंबाखूच्या वासात वाढलेला. मीही हे वाक्य कैक वेळा ठोकून दिलंय. आता लाज वाटते.

1972 च्या दुष्काळात मी 12 वर्षांचा होतो. वडील आदल्या वर्षी गेलेले. रेशनवर लाल मिलो मिळायची, तिची भाकरी थापतानाच फुटायची. आई वखारीत तंबाखू चाळायला जायची. डोक्याला फडकं, नाकाला पदर. संध्याकाळी परत आली की केस, भुवया सगळं भुकटीनं माखलेलं. रात्रभर खोकायची. आम्ही पोरं गोधडीत तोंड खुपसून पडायचो. एकदा तापामुळं उशिरा गेली, तर आख्ख्या दिवसाची हजेरी कापली. ह्यात सुख कुठं होतं, दाखवा मला.

नववीत शाळा सोडून मीही बोद उचलायला लागलो. पाठ तेव्हाच गेली. थंडी पडली की अजून आठवण करून देते.

"पण माणुसकी होती की!" होती ना. शेजारची कन्नड आज्जी आमच्या धाकटीला रोज वाटीभर ताक द्यायची. भाषेवरनं गावात काय काय झालं, पण तिच्या ताकात खंड पडला नाही. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण उधारी देणाऱ्या दुकानदारालाही आपण त्याच माळेत ओवतो. रोखीला तेलाचा दर एक आणि वहीत दुसरा, हे कुणी सांगत नाही.

आणि ताकानं मजुरी वाढली नाही. ती वाढली वखारीतल्या बायकांनी युनियन केली, संप केला तेव्हा. पहिल्या मीटिंगला आई निघाली तेव्हा मीच आडवा आलो. "आये, हाय ते काम जाईल." ती म्हणाली, "खोकून मरायचंच हाय, तर वरडून तरी मरू." आणि गेली. 1982 साली युगांतर नावाच्या गटानं ह्या बायकांवर माहितीपट काढला. त्याच्या आदल्या वर्षी तंबाखूचे शेतकरी शरद जोशींबरोबर पुणे-बंगळूर हमरस्ता अडवून बसले होते. गोळीबार झाला, माणसं गेली. आपल्या आठवणींत हे का येत नाही? चिंचा, बोरं, जत्रा आणि टुरिंग टॉकीज तेवढं येतं.

आज हे लिहायचं कारण सांगतो. गेल्या महिन्यात आमच्या घरी भांड्याला येणाऱ्या बाईनं तापाचे दोन दिवस पगारी धरा म्हटलं. मी पटकन बोलून गेलो, "आम्ही कसे दिवस काढलेत, तुला काय माहीत?" ती गप खाली मान घालून भांडी घासत राहिली. रात्री मला आईची ती कापलेली हजेरी आठवली. दुसऱ्या दिवशी पैसे दिले, पण तोंडातनं शब्द गेला तो गेलाच.

आपली पोरं शिकली, घरं झाली, चांगलंच आहे. पण ते गरिबीच्या सुखानं झालं नाही. कुणाच्या तरी आईनं काम जायची भीती सोडली, म्हणून झालं.

पटत नसेल तर खाली जरूर लिहा. फक्त लिहायच्या आधी आठवून बघा, तेव्हा तुमच्या आईला हजेरी किती मिळायची.